टाऊन हॉल कोणाचा?

कोणत्याही गावाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर त्या गावात माणसे कोठे बसतात आणि कोठे उभी राहतात, हे प्रथम पाहावे. देवळांवरून गावाची श्रद्धा कळते, वाड्यांवरून संपत्ती कळते. परंतु गावाचा न्याय कळावयाचा तर सभेची जागाच पाहिली पाहिजे. म्हणून आजच्या विवेचनासाठी आम्ही एक सभागृह निवडले आहे. ते म्हणजे कोल्हापूरचा टाऊन हॉल.

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावच्या श्रोत्यांना इतक्या दूरच्या इमारतीचे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, ग्रामपंचायतीचे सभागृह, समाजमंदिर, सांस्कृतिक भवन या नावांनी आपण आज गावोगावी जे बांधतो, त्या सर्वांचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या टाऊन हॉलमध्ये आहे. शिवाय हा हॉल उभा राहिला तेव्हा कोल्हापूर हे आजच्यासारखे मोठे शहर नव्हते. ते एका संस्थानाचे लहानसे राजधानीचे गाव होते. लहान गावाला नागरी सभागृह मिळाले म्हणजे काय होते, आणि काय होत नाही, हे समजून घेण्यास त्याच्याइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे सापडले नाही.

आम्ही वास्तुशास्त्राचे पदवीधर नव्हे. हमाल, मापाडी आणि जिनात काम करणारे मजूर यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले, आणि जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. तरीही सभागृहाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असे वाटते. आजवर आम्ही शेकडो सभा भरविल्या. त्यांतल्या फार थोड्या छपराखाली झाल्या. बाकीच्या सर्व जिनाच्या फाटकासमोर, धान्याच्या ओट्यावर किंवा लिंबाच्या झाडाखाली. ज्याने भाड्याच्या खोलीत दिवस काढले त्याला घराची भिंत अधिक बारकाईने दिसते, तसेच हे आहे.

आपल्याकडे सभेची जागा पूर्वी नव्हती असे मुळीच नाही. देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या खांबांच्या दालनाला आपण सभामंडपच म्हणतो. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्या मंडपात उभे राहिले की काळ्या दगडात कोरलेल्या सभेची कल्पना येते. त्याखेरीज गावात पार होता आणि चावडी होती. चावडीची रचना अगदी साधी: उंच जोत्याची ओसरी, पुढे लाकडी खांब, मागे एखादी खोली. पण तेवढ्यात साऱ्या गावाची उतरंड बांधलेली असे. पाटील-कुळकर्णी वर बैठकीवर, प्रतिष्ठित कुणबी ओसरीच्या कडेला, बलुतेदार खाली, आणि ज्यांना गाव अस्पृश्य मानीत असे ते अंगणात, जोत्यापासून अंतर राखून. स्त्रिया तर चित्रातच नाहीत. जोत्याची दीड-दोन हात उंची ही पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून असते हे खरे. परंतु त्याच उंचीने कोणाचे बोलणे वरून खाली येणार आणि कोणाचे खालून वर जाणार हेही ठरत असे.

इंग्रजी अमलाबरोबर टाऊन हॉल ही नवी कल्पना आली. तिच्यात एक नवे तत्त्व होते, आणि ते आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. देऊळ देवाचे, वाडा धन्याचे, चावडी सरकारची. परंतु टाऊन हॉल हा गावाचा, म्हणजे नागरिकांचा, असे निदान नावात तरी म्हटले होते. मुंबईचा टाऊन हॉल हा आपल्या प्रांतातला या जातीचा पहिला मोठा नमुना. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी त्याची कल्पना मांडली, कर्नल टॉमस कूपर या लष्करी इंजिनिअराने आराखडा केला, आणि इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. पैसा उभा करण्यासाठी लॉटरी काढण्यात आल्या. तो पैसा पुरेना, तेव्हा कंपनी सरकारने उरलेला खर्च उचलला, आणि त्याच्या बदल्यात स्वतःच्या कचेऱ्यांसाठी इमारतीत जागा घेतली. गावाच्या नावाने निघालेल्या सभागृहात सरकारी कचेरी शिरण्याचा प्रकार आपण समजतो तितका अलीकडचा नाही.

त्या इमारतीसमोर उभे राहिले की प्रथम दिसतात त्या पायऱ्या. एकंदर तीस. त्यांच्या वर ग्रीक धर्तीचे, म्हणजे डोरिक पद्धतीचे, भव्य खांब. ग्रीक नगरराज्यात नागरिक एकत्र जमून कारभार ठरवीत, त्याची आठवण व्हावी असा तो थाट. परंतु १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचण्यात आला. राज्य कंपनीकडून राणीकडे गेले, हे लोकांना वरून सांगण्यात आले. लोकांनी ते खाली उभे राहून ऐकले. खांब ग्रीक होते, पण पायऱ्यांनी काम केले ते चावडीच्या जोत्याचेच.

आता कोल्हापूरकडे वळू. तेथल्या टाऊन हॉलचे बांधकाम १८७२ ते १८७६ या काळात झाले. तो काळ संस्थानाच्या इतिहासात विलक्षण होता. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी तरुणपणीच वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले, आणि तेथे आजही त्यांची छत्री आहे. त्यांच्यामागे दत्तक आलेले शिवाजी महाराज अल्पवयी होते. त्यामुळे कारभाराची सूत्रे इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या हाती होती. याच शिवाजी महाराजांचा पुढे १८८३ मध्ये त्या वेळच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना, दुर्दैवी अंत झाला. तात्पर्य हे की, ज्या वर्षांत कोल्हापुरात 'नागरिकांचे' सभागृह चढत होते, त्या वर्षांत तेथल्या राजालाही स्वतःच्या राज्यात शब्द नव्हता, मग प्रजेची कथा काय! नगरपालिका १८५४ मध्येच स्थापन झालेली होती, परंतु आज ज्याला आपण निवडून दिलेला कारभार म्हणतो तो फार पुढचा.

हॉलचा आराखडा केला चार्ल्स मँट यांनी. हे रॉयल इंजिनिअर्स या लष्करी पथकातले अधिकारी. फ्लॉरेन्सच्या त्या छत्रीचा आराखडाही त्यांचाच. कोल्हापूरचा नवा राजवाडा, टाऊन हॉलसमोरचे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय, म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अजमीरचे मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ही त्यांची कामे. १८८१ मध्ये ते वारले, आणि बडोद्याचे काम दुसऱ्या वास्तुकाराने, रॉबर्ट चिझम यांनी, पुरे केले. मँट यांच्या पुढच्या इमारतींत हिंदी घुमट, छत्र्या आणि जाळ्या युरोपी आराखड्यावर चढविलेल्या दिसतात. टाऊन हॉल मात्र त्या मिश्रणाच्या आधीचा. तो सरळ गॉथिक धर्तीचा आहे.

गॉथिक म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चबांधणीची ही पद्धत. तिची खूण म्हणजे टोकदार कमान. अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमान वरचा भार अधिक सरळ खाली आणते, त्यामुळे भिंती उंच नेता येतात आणि त्यांत मोठ्या खिडक्या ठेवता येतात. इमारतीची सारी धाव वरच्या दिशेने असते. कोल्हापूरच्या हॉलकडे पाहताना हेच जाणवते. दर्शनी बाजूस दोन मनोरे, त्यांवर निमुळती टोके, मध्ये तीव्र उताराचे पाखे, आणि खाली कमानींची देवडी. भोवती बाग व जुनी झाडे. उतरत्या छपराचा थंडीच्या देशात बर्फासाठी उपयोग होत असेल; कोल्हापुरात तो सह्याद्रीकडून येणाऱ्या पावसासाठी झाला. परकी पद्धत इथल्या हवेला सोसली त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण दगड. युरोपातली पुष्कळ गॉथिक चर्चे मऊ, फिकट दगडाची. आपल्याकडे सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेला आहे तो काळा पाषाण, ज्वालामुखीच्या रसातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. लोणारचे सरोवर ज्या खडकात आहे, त्याच जातीचा हा खडक. तो छिन्नीला सहज दाद देत नाही. मऊ दगडात जी नाजूक वेलबुट्टी निघते ती काळ्या पाषाणात काढावयाची तर कारागिराचे हात भरून येतात. म्हणून या खडकातल्या इमारतीचे सौंदर्य कोरीव कामापेक्षा सांध्यात असते: चिऱ्याला चिरा कसा बसला आहे, कमानीचे पाचरीसारखे दगड एकमेकांना कसे धरून आहेत, कोपरा ओळंब्यात आहे की नाही. इमारत पाहावयास गेलेल्याने मान वर करून मनोरे पाहावेत, पण नंतर जवळ जाऊन भिंतीवर हातही फिरवावा, असे आम्ही सुचवितो.

येथे आमच्या मनात नेहमीचा प्रश्न येतो. मँट यांचे नाव राहिले, ते योग्यच आहे, आराखडा त्यांचा. परंतु चिरे कोणी घडविले? त्या काळच्या दगडी बांधकामाची रीत अशी होती: खाणीतून दगड काढणारे वडार, तो घडविणारे पाथरवट, रचणारे गवंडी, चुन्याची घाणी फिरविणारा बैल आणि त्याच्यामागे चालणारा माणूस, चुना-वाळूच्या पाट्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाया, छपराच्या कैच्या जोडणारे सुतार, खिळे-पट्ट्या करणारे लोहार. सिमेंट नव्हते, घाणीत मळलेला चुना हाच सांधा, आणि तो घट्ट होण्यास महिने लागत. युरोपी कागदावरची कमान जमिनीवर आणणे हे भाषांतराचेच काम होते, आणि ते भाषांतर या माणसांनी केले. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी घाट, देवळे आणि किल्ले बांधले होते. टोकदार कमानही दख्खनला नवी नव्हती, ती विजापूर-बिदरच्या मशिदींतून शतकानुशतके उभी होती. म्हणूनच ती कमान आजही सरळ उभी आहे. तिच्या तळाच्या दगडावर त्यांचे नाव नसले, तरी सांधा हीच त्यांची सही समजावी.

इमारत पुरी झाली ते साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८७६. त्याच वर्षी पाऊस फसला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ आला, तो १८७८ पर्यंत हटला नाही. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामे निघाली. हजारो माणसे खडी फोडू लागली. १८७७ च्या आरंभी सरकारने त्यांच्या मजुरीत कपात करून दिवसाचे धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी, आणले. तेव्हा भुकेल्या मजुरांनी अनेक ठिकाणी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आम्ही कामगार चळवळीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा या प्रसंगाने आम्हांस थक्क केले. संघटना नाही, पुढारी नाही, पोटात अन्न नाही, आणि तरीही नकार. या माणसांची सभा भरली असेल ती खडीच्या ढिगावर. त्यांच्यासाठी कोणी हॉल बांधलेला नव्हता.

मुंबईतही तेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरविली ती परळच्या सुपारीबागेत. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या त्यांच्या मागण्यांपैकी होत्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार जमले ते महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सर्वजण जी रविवारची सुटी हक्काची समजतो, तिचा जन्म कोणत्याही व्यासपीठावर झालेला नाही, तो उघड्या मैदानावर झाला. मुंबईच्या टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या तेव्हाही तेथेच होत्या.

मग टाऊन हॉल निरुपयोगी होता काय? तसे आम्ही म्हणणार नाही. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. कोल्हापूरचा हॉल चढत होता त्याच चार-पाच वर्षांतल्या या गोष्टी आहेत. माणसांनी एकत्र बसावे, एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि मग प्रश्न विचारावेत, ही नवी सवय महाराष्ट्राला लागत होती. हॉल हे त्या सवयीचे घर होते. आपण आज ज्या व्याख्यानमालेत बसलो आहोत, तीही त्याच सवयीची फळी आहे. दोष सवयीचा नव्हता. दोष असलाच तर तो घराच्या दाराचा होता: कोण आत येणार हे दार उघडण्यापूर्वीच ठरलेले असे.

याची खूण इमारतीच्या शरीरातच सापडते. ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातले सभागृह हे मुळात एका गळ्याच्या मापाचे असे. बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून लांबी-रुंदीला मर्यादा. उंच छपराखाली हवा खेळते, पण आवाज घुमतो. म्हणून सावकाश, वाचून दाखविल्यासारखे भाषण तेथे शोभते. गर्दीचा हुंकार, मध्येच उठलेला प्रश्न, मागून दिलेली साथ तेथे गोंगाट वाटते. अशा वास्तूला निवडक मंडळींची सभा मानवते. दरबार, बक्षीस समारंभ, मानपत्र, प्रदर्शन यांसाठी ती उत्तम. बाजार सुटल्यावर घामाच्या अंगाने येणाऱ्या पाचशे हमालांसाठी ती कल्पिलेलीच नव्हती.

कोल्हापूरचे नशीब असे की, या प्रश्नाचे दुसरे उत्तरही त्याच शहरात मिळाले. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच वर्षीच्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने वर्तुळाकार क्रीडागार पाहिले, आणि परतल्यावर खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. ते १९१२ मध्ये खुले झाले. मधला हौदा खोल, आणि भोवती चढत गेलेली बैठक. यात जोत्याचे गणित उलटे झाले आहे, इकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. टाऊन हॉलमध्ये व्यासपीठ वर, माणसे खाली. खासबागेत पाहणारा वर, आणि ज्याला पाहावयाचे तो खाली. हजारोंना सारखेच दिसते, आणि गरिबाच्या जागेवरूनही लाल माती लपत नाही. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. त्याच्या प्रेक्षागारात मध्ये खांब ठेवले नव्हते, म्हणजे कोणाच्याही नजरेआड रंगमंच जाऊ नये. ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत त्याची फार मोठी हानी झाली तेव्हा कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. इमारत आपली आहे की नाही हे तिच्या नामफलकावरून कळत नाही, अशा वेळी कळते.

आणखी एक गोष्ट. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागलजवळच्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, आणि शाहू महाराज स्वतः तेथे गेले. राजधानीत दगडी टाऊन हॉल उभा असता महाराष्ट्राच्या पुढच्या शंभर वर्षांना वळण देणारी ही सभा भरली ती एका खेड्यात. ज्यांना चावडीच्या जोत्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांचा नेता त्या सभेचा अध्यक्ष होता. सभा मोठी होते ती तिथे कोण बोलले यामुळे; छपराच्या उंचीने ती मोठी होत नाही.

मग कोल्हापूरच्या टाऊन हॉलचे पुढे काय झाले? १९४५-४६ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले, आणि सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. रोमन बनावटीची ब्राँझची समुद्रदेवतेची मूर्ती तेथेच मिळाली. या वस्तूंसाठी संग्रहालय निघाले, ते पुढे टाऊन हॉलमध्ये आले आणि आजही तेथेच आहे. यावर दोन प्रकारे बोलता येईल. सभागृहात आता बोलणारी माणसे नाहीत, मुक्या वस्तू आहेत, असे कोणी खेदाने म्हणेल. आम्हांस मात्र याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पूर्वी जेथे निमंत्रण लागत असे तेथे आता तिकीट काढून शेतमजुराचा मुलगा जातो, आणि दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठचा व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता हे डोळ्यांनी पाहतो. दार रुंद झाले, हे खरे. पण ज्या कामासाठी हॉल होता, म्हणजे नागरिकांनी एकत्र बसून आपल्या गावाचे बोलावे, ते काम कोठे गेले, हा प्रश्न उरतोच.

कामगारांनी स्वतःच आपले सभागृह बांधले तर ते कसे असते, याचीही उदाहरणे आहेत. बेल्जमच्या कामगार पक्षाने ब्रसेल्स शहरात 'लोकगृह' बांधविले, ते १८९९ मध्ये उघडले. व्हिक्टर ओर्टा हे त्याचे वास्तुकार. दगडी भारदस्तपणा टाळून त्यांनी लोखंड आणि काच वापरली, कारण अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांना उजेड आणि हवा हीच खरी चैन आहे असे त्यांचे मत होते. सहकारी दुकान, उपाहारगृह, संघटनांच्या कचेऱ्या, आणि सर्वांत वर मोठे सभागृह. १९६५ मध्ये जगभरच्या वास्तुकारांचा विरोध असताही ती इमारत पाडण्यात आली. आपल्या परळला ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये दामोदर हॉल उभारला. गिरणगावातल्या कामगारांनी तेथे नाटके केली, सभा घेतल्या. त्याचे दारही २०२३ मध्ये पुनर्बांधणीच्या कारणाने बंद झाले. लॉटरीच्या पैशावर निघालेला मुंबईचा टाऊन हॉल पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, एजंटाच्या अमलातला कोल्हापूरचा दीडशे वर्षे उभा आहे, आणि कामगारांची सभागृहे मात्र तेवढी टिकत नाहीत. यात दगडाच्या टिकाऊपणाचा भाग थोडा आहे. जमिनीच्या मालकीचा आणि राखणाऱ्या हातांचा भाग मोठा आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. सत्तेचाळीस सालानंतर, आणि विशेषतः घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आल्यावर, सभेचे स्थान कायद्याने बदलले आहे. ग्रामसभा ही आता कोणाच्या कृपेची गोष्ट राहिलेली नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद आहे, मग तो ओसरीवर बसणाऱ्याचा नातू असो की अंगणात उभे राहणाऱ्याचा. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. चावडीत ज्यांना जागा नव्हती त्या सर्वांना कायद्याने आत घेतले. प्रश्न एवढाच की, इमारतीने त्यांना आत घेतले आहे काय?

आम्ही जिल्ह्यात हिंडतो तेव्हा सभागृहे पुष्कळ दिसतात. त्यांच्या नावाच्या पाट्या मोठ्या असतात, आणि कुलपेही मोठी असतात. लग्नसराईत ती उघडतात. एका गावी, नाव सांगण्याचे कारण नाही, आम्हांस शेतमजुरांची सभा घ्यावयाची होती. सभागृह रिकामे असून किल्ली मिळाली नाही. किल्लीवाला सापडत नाही असे संध्याकाळपर्यंत सांगण्यात आले. सभा सभागृहाच्या भिंतीच्या सावलीत झाली, आणि चांगली झाली. त्या दिवशी भिंतीचा तेवढाच उपयोग झाला.

म्हणून आसेगावसारख्या गावाने नवे सभागृह बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना ठेकेदाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. पहिला प्रश्न पायऱ्यांचा. म्हातारी बाई आणि अपंग माणूस कोणाचा हात न धरता आत येऊ शकेल काय? दुसरा व्यासपीठाचा. ते किती उंच हवे? बोलणारा दिसावा एवढे पुरे. सरपंच आणि मजूर यांच्यात माणूसभर अंतर पडावे एवढे नको. तिसरा आवाजाचा. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की कोणाचे काही ऐकू येत नाही, आणि गुळगुळीत फरशीच्या रिकाम्या पेटीत प्रत्येक शब्द घुमतो; मग सभेत फक्त ज्याच्या हाती ध्वनिवर्धक आहे तोच बोलतो. चौथा दारांचा आणि वेळेचा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय, आणि मजुरीवरून परतल्यावर, दिवेलागणीनंतर, सभागृह उघडे असते काय? आणि शेवटचा प्रश्न किल्लीचा. ती कोणाकडे असते, आणि मागितल्यास कोणत्या नियमाने मिळते, हे दारावरच लिहिलेले असावे.

हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. गॉथिक कमानी आणि मनोरे यांच्यापुढे किल्ली ती काय! परंतु आमचा अनुभव असा आहे की, इमारतीचा इतिहास पुष्कळदा किल्लीतच असतो. कोल्हापूरच्या पाथरवटांनी दीडशे वर्षांपूर्वी आपले काम चोख केले. काळ्या पाषाणात त्यांनी जो सांधा बसविला तो अजून ढळलेला नाही. घर कसे बांधावे हे त्यांनी दाखवून दिले. त्यात कोणी बसावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. तो अधिकार आज आपल्याला आहे, आणि तो मैदानावर, खडीच्या ढिगावर आणि माणगावसारख्या खेड्यात सभा भरविणाऱ्यांनी मिळवून दिलेला आहे. पुढच्या ग्रामसभेला आपण सर्वांनी, विशेषतः आज मागे उभ्या असलेल्या भगिनींनी, जावे. खुर्ची नसेल तर सतरंजीवर बसावे, पण आत बसावे, आणि निदान एक प्रश्न विचारून यावे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.